कुरळे केस : सरळ करा, पण भाजू नका
केसांचं शास्त्र – लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण कुरळ्या केसाचा आडवा छेद पाहिला. तो गोल नसतो, चपटा असतो आणि त्वचेखालचं त्याचं मूळही वाकडं असतं. टाळूवरचं तेल ही वळणं पार करून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून असे केस मुळातच कोरडे. लग्नसराई आली की नेमक्या याच केसांवर इस्त्री फिरते आणि मग विचारणा सुरू होते : एका दिवसापुरते सरळ हवेत, पण कुरळेपण जायला नको. मागणी रास्त आहे, आणि पुरी होण्यासारखीही. फक्त त्यासाठी उष्णतेपेक्षा पाण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

केसातल्या केराटिनच्या साखळ्या मुख्यतः दोन तऱ्हांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. गंधकाचे बंध पक्के. ते सोडवायचे तर रसायनच लागतं. हायड्रोजनचे बंध दुबळे, पण असंख्य. पाण्याने ते सुटतात, उष्णतेने सैलावतात आणि केस ज्या आकारात वाळेल किंवा निवेल त्याच आकारात पुन्हा जुळतात. ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपलं की सकाळी लाटा दिसतात, त्या याच कारणाने. म्हणजे ओला केस ताणून धरला आणि तसाच वाळवला, की तो बराचसा सरळ होतो. इस्त्रीने फक्त शेवटचा हात मारायचा.

आपल्याकडे नेमकं उलट होतं. सुती साडीवर पाणी शिंपडून इस्त्री करायची सवय हाताला असते, तीच केसांवर चालते. दमट बटेवर स्ट्रेटनर दाबला की चर्र आवाज येतो, पांढरी वाफ निघते, आणि काम झक्क होतंय असं वाटतं. ती वाफ केसाच्या आतून येत असते. पाणी आतल्या आत उकळतं, सगळ्या वाफेला बाहेर पडायला वाट नसते, आणि केसाच्या गाभ्यात बुडबुडे तयार होतात. सूक्ष्मदर्शकाखाली असा केस स्पंजासारखा पोकळ दिसतो. कंगवा लागला की तिथेच तुटतो. कोरड्या केसातलं केराटिन साधारण २३० अंशांच्या आसपास मोडायला लागतं. पाण्यात भिजलेलं असेल तर १५० च्या आसपासच. आणि बाजारातल्या कित्येक स्ट्रेटनरचा आकडा २३० पर्यंत चढतो! जुने केशकर्तनकार तापलेला चिमटा आधी कागदावर टेकवून पाहत. कागद करपला, तर चिमटा निवेपर्यंत थांबत. आकडे दाखवणाऱ्या यंत्रांच्या काळात ती सावधगिरी मात्र गेली.

मग केस आपोआप वाळू द्यावेत का? इथे एक गंमत आहे. २०११ साली कोरियातल्या संशोधकांनी केसांचे झुपके पुन्हा पुन्हा धुऊन वेगवेगळ्या अंतरावरून ड्रायरने वाळवले. पंधरा सेंटिमीटरवर हवा ४७ अंश होती, पाचवर ९५. जवळून वाळवलेल्या केसांचा पृष्ठभाग जास्त खराब झाला, यात नवल नाही. पण केसातल्या पेशींना जोडणाऱ्या थराला इजा झाली ती फक्त आपोआप वाळलेल्या केसांत. बराच वेळ ओलं राहून फुगणंही केसाला मानवत नसावं. त्यांचा निष्कर्ष असा, की ड्रायर वीतभर लांब धरून सतत हलता ठेवावा.

तेव्हा कृती अशी. धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल लावा. मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसांतलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. खोबरेल विकणाऱ्याच कंपनीचं हे संशोधन, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावं. पण कारण पटण्याजोगं आहे : खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा छोटा, सरळ रेणू केसाच्या आत शिरतो. धुतल्यावर कंडिशनर लावा, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर गुंता सोडवा, आणि पंचाने केस खसाखसा न पुसता दाबून टिपा.

आता खरं काम. केस निथळून दमट झाले, की मोठ्या रोलरवर ताणून गुंडाळा आणि मंद हवेत पूर्ण वाळू द्या. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पार्लरांची यात ख्याती आहे. रोलर काढल्यावर तिथे केस डोक्याभोवती सपाट गुंडाळून पिना लावून ठेवतात, त्यामुळे उरलेलं वळणही जातं. रोलर नसतील तर गोल ब्रशने बट ताणून धरा आणि ड्रायरचं तोंड मुळाकडून टोकाकडे ठेवा. केसावरचे खवले त्याच दिशेने बसतात. घाई असणाऱ्याने या पायरीवर घाई करू नये, कारण इथे वाचवलेला वेळ इस्त्रीच्या दुप्पट फेऱ्यांत जातो.

इस्त्री लागलीच, तर केस खडखडीत वाळलेले हवेत. आधी सिलिकॉनचं सीरम लावा. त्याचा पातळ थर उष्णता हळूहळू आणि सारखी पोचवतो. ती अडवत मात्र नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. इस्त्रीआधी खोबरेल चोपडू नये, केस नुसते चिकट होतात. आकडा १५० ते १८० च्या दरम्यान, कानशिलावरच्या नाजूक केसांना त्याहून कमी. बट दोन बोटं रुंद आणि पातळ घ्यावी, पुढे बारीक कंगवा चालवून मागून इस्त्री एकदाच, संथ, कुठेही न थांबता न्यावी. पुन्हा पुन्हा फिरवायची वेळ आली, तर बट जाड घेतली होती असं समजावं.

कुरळेपण शाबूत आहे का, हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पुढच्या वेळी केस धुताना एकेक बट निरखा. ओली झाल्यावर आक्रसून वळली तर ठीक. मुळाशी वळली आणि खाली दोरीसारखी लोंबत राहिली, तर तेवढ्या भागातलं केराटिन बदललं. तो भाग कोणत्याही मास्कने परत वळत नाही, कापावाच लागतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, यावरून हिशेब करावा.

जुलैमध्ये मुंबईत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. हायड्रोजनचे बंध तेवढ्या ओलाव्यानेही सुटतात, त्यामुळे सकाळी सरळ केलेले केस दादर येईस्तोवर फुगलेले असतात. दुसऱ्या दिवशी त्यावर पुन्हा इस्त्री करण्यापेक्षा सरळ अंबाडा बांधावा. महिनोन्‌महिने टिकणारं सरळपण हवं असणाऱ्यांना पार्लरमध्ये केराटिन ट्रीटमेंट सुचवली जाते. तिच्यातल्या फॉर्माल्डिहाइडबद्दल पुढच्या आठवड्यात.