मांजर, गुंगी आणि डॉपलर

शीर्षक वाचून ‘इंजिनिअरिंगच्या मासिकात मांजर कुठून आलं?’ असं वाटलं असेल. आपल्या मेसच्या मागच्या दारात रोज संध्याकाळी हजेरी लावणाऱ्या मंडळींना विचारा! पण गंमत सोडा, विषय मोजमापाचा आहे, म्हणजे आपलाच.

लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. माझा मावसभाऊ तिथे शिकतो. सुट्टीत नांदेडला आला तेव्हा म्हणाला, "तुम्ही लोक मीटर लावला की आकडा खरा धरता. आमचं मांजर मीटर लावायच्या आधीच घाबरतं, मग आकडा कोणाचा? मांजराचा की भीतीचा?" प्रश्न डोक्यात बसला आणि मी वाचायला लागलो.

आधी तत्त्व पाहू. रेल्वे फाटकाशी उभं राहा. हॉर्न वाजवत येणारी गाडी पुढे निघून गेली की आवाजाची पट्टी उतरते. १८४२ साली ख्रिश्चन डॉपलरने मांडलेला परिणाम तो हाच. सोनोग्राफीत गाडीच्या जागी रक्तपेशी असतात. प्रोबमधून लहरी जातात, वाहत्या पेशींवरून परत येतात, आणि फ्रिक्वेन्सीत पडलेल्या फरकावरून मशीन वेग काढतं. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. ७.५ मेगाहर्ट्झचा प्रोब आणि सेकंदाला १ मीटर वेगाने सरळ प्रोबकडे येणारं रक्त धरलं, तर फरक येतो साधारण ९.७ किलोहर्ट्झ. म्हणजे चक्क कानाला ऐकू येणारा!

आता अडचण. सूत्रात कोनाचा कोसाइन असतो. मशीनला ६० अंश सांगितला आणि मांजर हलल्याने तो ६५ झाला, तर वेग सुमारे १५ टक्के कमी दिसतो. मांजर स्थिर हवं, म्हणून गुंगीचं औषध देतात. पण औषध नुसतं मांजराला शांत करत नाही, रक्तप्रवाहही बदलतं.

डेक्समेडेटोमिडीनने रक्तवाहिन्या आवळतात, ठोके मंदावतात, हृदय मिनिटाला कमी रक्त फेकतं. असिप्रोमाझीनने वाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरतो. केटामाइनने ठोके बहुधा वाढतात. ब्युटोरफॅनॉल एकटं दिलं तर परिणाम त्या मानाने कमी.

एक हिशेब करून बघा. किडनीच्या तपासणीत ‘रेझिस्टिव्ह इंडेक्स’ काढतात. ठोक्यातल्या सर्वाधिक वेगातून ठोक्याच्या शेवटी उरलेला वेग वजा करायचा आणि सर्वाधिक वेगाने भागायचं. समजा वेग ६० आणि २४ आहेत, उत्तर ०.६. ठोके मंदावले की दोन ठोक्यांमधला काळ लांबतो, तेवढ्यात रक्ताचा वेग आणखी उतरतो. २४ चे १८ झाले की उत्तर ०.७. किडनी तीच, आकडा मात्र शंका घ्यावी असा!

हृदयाच्या बाबतीत धोका उलटा आहे. मांजरांमध्ये हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बराच आढळतो. काहींत रक्त बाहेर पडायच्या वाटेवर अडथळा येतो आणि तिथे वेग वाढतो. दाबातला फरक काढायचा तर वेगाचा वर्ग गुणिले ४. वेग ४ असेल तर ६४ मिलीमीटर पारा, वेग २ झाला तर फक्त १६. डेक्समेडेटोमिडीनच्या गटातल्या औषधाने हा अडथळा तात्पुरता कमी होऊ शकतो. म्हणजे आजारी मांजराचा रिपोर्ट बरा दिसायचा!

मग गुंगी नकोच का? तसंही नाही. घाबरलेल्या मांजराचे ठोके वाढतात, त्याचाही वेगावर परिणाम होतो, आणि धडपडीत कोन बिघडतो तो वेगळाच. म्हणून शांत खोली, ओळखीचा माणूस जवळ, असं आधी करून पाहतात. तरी लागलंच तर औषध देतात, पण रिपोर्टवर औषधाचं नाव, डोस, वेळ आणि ठोके लिहितात. पुढची तपासणी त्याच पद्धतीने केली तरच दोन आकड्यांची तुलना करता येते.

लॅबमध्ये व्होल्टमीटर सर्किटला जोडला की तो थोडा करंट स्वतःच ओढतो, याला आपण ‘लोडिंग इफेक्ट’ म्हणतो आणि व्हायव्हापुरता पाठ करतो. इथे तोच इफेक्ट एका जिवाच्या उपचाराशी जोडलेला आहे. तेव्हा पुढच्या वेळी जर्नलमध्ये रीडिंग उतरवताना, ते कोणत्या परिस्थितीत घेतलं तेही खाली लिहा. त्याशिवाय आकडा अर्धवटच!