पहिलीच्या वर्गातला गोंधळ : आवाज कसला, ते आधी ऐका



पहिलीच्या वर्गावरून जाता जाता कुणीतरी डोकावतं आणि हमखास विचारतं, "बाई, एवढा गोंधळ? वर्गात आहात ना तुम्ही?" आहे हो! सहा वर्षांची तीस मुलं एका खोलीत बसली की आवाज होणारच. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं असतं. म्हणजे दिवसाला चार तास. त्या चार तासांत अक्षरं, आकडे, हरवलेले खोडरबर, सुटलेल्या नाड्या, उलटे घातलेले रेनकोट, सगळंच आलं.

पण सगळा गोंधळ एकाच जातीचा नसतो. थोडं कान देऊन ऐकलं तर त्यात मुलांचं डोकं कसं चालतं ते कळतं. माझ्या वर्गातला जुलैमधला एक दिवस घेऊन सांगते.

तक्रारींचा तास

हजेरी सुरू झाली की एकाला शूला लागते. लगेच आणखी सहा जणांना लागते. पाठोपाठ तक्रारी. "बाई, हा माझ्या बाजूची हवा घेतो!"

आपल्याला हसू येतं, पण मूल अगदी गंभीर असतं. या वयात मुलं नियम नुकते शिकत असतात. बऱ्याच तक्रारींचा खरा अर्थ, "नियम अजून चालू आहे ना?" एवढाच असतो. मी एकच प्रश्न विचारते, "मी काही करायला हवंय, की तुला नुसतं सांगायचंय?" बहुतेक जण "नुसतं सांगायचंय" म्हणतात आणि खुशीत जागेवर जातात. ज्याला खरंच मारलंय किंवा चिडवलंय, तो मात्र हलत नाही. त्याच्याकडे ताबडतोब लक्ष द्यायचं.

एकवीस की बारा?

गणिताच्या तासाला 'एकवीस' लिहायला सांगितलं. अर्ध्या पाट्यांवर १२! शेजारच्या वर्गापर्यंत "माझं बरोबर, तुझं चूक" ऐकू गेलं.

आता बघा, 'एकवीस' म्हणताना आधी 'एक' येतो, मग 'वीस'. लिहिताना मात्र आधी २ आणि मग १. मूल ऐकलं त्याच क्रमाने लिहितं. 'एकोणतीस'चं तर विचारूच नका. कानावर 'तीस' पडतं, म्हणून ३९ लिहिलं जातं. हीच अडचण लक्षात घेऊन २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनपद्धतही आली आणि तिच्यावरून राज्यभर वाद झाला, ते तुम्हाला आठवत असेल.

अशा वेळी "दहादा लिही" म्हणून उपयोग होत नाही. दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि एक सुटी काडी हातात द्या. आधी गठ्ठे मोजायचे, मग सुट्या काड्या, आणि त्याच क्रमाने लिहायचं.

वजाबाकीलाही गंमत झाली. "चार लाडू होते, दोन भावाने खाल्ले. उरले किती?" उत्तर आलं, "बाई, तो दोनवर थांबत नाही." घरचा अनुभव पक्का आहे, त्यामुळे उदाहरण बदलावं लागलं. दगड घेतले. दगड भाऊ खात नाही.

"मी काम करलं"

भाषेच्या तासाला एकजण म्हणाला, "बाई, मी काम करलं." सगळा वर्ग "करलं! करलं!" म्हणत खिदळायला लागला.

घरात कुणी मोठं माणूस 'करलं' म्हणत नाही. मग आलं कुठून? भर-भरलं, धर-धरलं, म्हणून कर-करलं! नियम पोराने स्वतः शोधलाय, फक्त 'केलं' हा अपवाद अजून कळायचाय. "चूक" न म्हणता "अरे वा, काम केलंस? कोणतं केलंस?" असं म्हणून पुढे जायचं. चार वेळा योग्य रूप कानावर पडलं की ते आपोआप बसतं.

दात पडला!

आणि खिचडीच्या सुट्टीआधी एकीचा दात पडला. क्षणात तीस बोटं तीस तोंडांत. मी फळ्यावर दोन रकाने आखले, 'पडला' आणि 'हलतोय'. ज्याने त्याने येऊन आपली रेघ मारायची. मोजणी झाली, तुलना झाली. मग चर्चा, की दात टाकायचा कुठे? कुणी म्हणालं उंदराच्या बिळात, कुणी म्हणालं कौलावर. "आमचं घर स्लॅबचं आहे, मग काय करायचं?" हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही.

त्या गलक्यात घरी बंजारा बोली बोलणारी एक मुलगी उठली. जूनपासून ती वर्गात बोललीच नव्हती. ती तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. दोघं हसले. मी त्यांना थांबवलं आणि तिला पुन्हा सांगायला लावलं. तिच्या बोलीतल्याच एका मुलाने अर्थ सांगितला : तिची आजी पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून छपरावर टाकते. मग तिने फळ्यावर आपली रेघ मारली.

सांगायचं ते हेच. मूल चुकीचं बोललं आणि वर्ग हसला, तर ते चूक सुधारत नाही, बोलणं बंद करतं. गप्प बसलेल्या मुलाला काय येतं आणि काय अडतंय, हे मग आपल्याला कळायला मार्गच उरत नाही.

एवढं करून बघा

- शिक्षकांनी : चुकीचं उत्तर आलं की "कसं काढलंस?" हे आधी विचारा. बरोबर उत्तरालाही विचारा, म्हणजे हा प्रश्न चुकीची खूण ठरत नाही.
- मुलांसोबत हसा, मुलाला हसू नका. चिडवणारं हसू तिथल्या तिथे थांबवा.
- गलका वाढला की ओरडण्याऐवजी टाळ्यांचा ठरलेला ताल द्या. मुलं तोच ताल परत देतात आणि थांबतात.
- पालकांनी : "आज काय शिकवलं?" याला "काही नाही" हेच उत्तर मिळतं. "आज वर्गात कोण हसलं आणि का?" विचारून बघा.
- पाहुण्यांसमोर "ते परवाचं म्हणून दाखव ना" असं करून मुलाच्या बोबड्या किंवा चुकीच्या शब्दाची करमणूक करू नका. त्याला ते कळतं.

आणि पहिलीच्या वर्गावरून जाताना आवाज आला, तर दारात मिनिटभर थांबा. आत कदाचित दातांची मोजणी चालू असेल.