तव्यावरचा धूर

आजी मशेरी भाजायला बसली की आम्हा पोरांना अंगणात पिटाळलं जायचं. तापल्या तव्यावर तंबाखू पडली रे पडली, की घरभर ठसका उठायचा. पार काळी झाली की आजी ती चुरून डबीत भरायची. १९७० च्या आसपासची गोष्ट. काकूला तेव्हा दिवस गेले होते. तिला कुणी अंगणात पाठवलं नाही. उलट्या थांबतील म्हणून तिलाही बोटभर मशेरी लावायला दिली.

खरं तर १९५७ सालीच कॅलिफोर्नियातल्या डॉ. विनिया सिम्पसन यांनी साडेसात हजारांच्या आसपास बाळंतिणींच्या नोंदी चाळून दाखवलं होतं, की सिगारेट ओढणाऱ्या बायकांना अपुऱ्या वजनाची मुलं होण्याचं प्रमाण जवळजवळ दुप्पट असतं. त्यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झडला : दोष धुराचा, की मुळात त्या बायकांच्या प्रकृतीचा? १९८५ मध्ये अमेरिकेतच बेअर्ड आणि विल्कॉक्स यांनी आणखी मागे जाऊन पाहिलं. गर्भ राहायला वर्षाहून अधिक काळ लागण्याची शक्यता सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांत ३.४ पट होती. बीजांडकोशातला स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. धुरातली विषं तोच खातात. अशा बायकांची पाळी वर्ष-दोन वर्षं आधीच जाते, ती त्यामुळेच.

पण हे सगळं सिगारेट ओढणाऱ्या बाईबद्दल. आमच्या घरातली एकही बाई सिगारेट ओढत नव्हती.

मशेरी लावणाऱ्या बाईपर्यंत हा प्रश्न पोचायला २००४ उजाडलं. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी १,२१७ गरोदर बायकांची नोंद ठेवली. तंबाखू वापरणाऱ्या बायकांत मशेरीवाल्याच जास्त होत्या. तंबाखू वापरणाऱ्या या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली आणि सहा दिवस आधी जन्मली. शंभर ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला विचारा! याच बायकांबद्दलचा २००६ सालचा निष्कर्ष मला आजही अस्वस्थ करतो : पोटातच बाळ दगावण्याचा धोका अडीच पटींहून जास्त.

आणि दुसऱ्याच्या धुराचं काय? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ८० हजारांहून जास्त स्त्रियांची माहिती पुढे आली. स्वतः कधीच न ओढलेल्या, पण माहेरी, सासरी आणि कामाच्या जागी वर्षानुवर्षं धुरात राहिलेल्या बायकांत मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण ५५ टक्क्यांनी, तर गर्भनलिकेत गर्भ राहण्याचं ६१ टक्क्यांनी जास्त आढळलं. मूल होत नाही म्हणून नवस करत फिरणाऱ्या, वांझ म्हणवून घेणाऱ्या किती जणींच्या माजघरात असाच धूर कोंडलेला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आली. घराचा उंबरठा मात्र कायद्याला ओलांडता येत नाही. घरात दुसऱ्याचा धूर सोसणाऱ्या प्रौढांचं देशातलं प्रमाण २००९-१० मध्ये ५२.३ टक्के होतं. २०१६-१७ मध्ये ते ३८.७ वर आलं. उतरलं, पण तेव्हाही शंभरातले एकोणचाळीस जण उरलेच.

काकूचं ते बाळ आठव्या महिन्यात आलं आणि तिसऱ्या दिवशी गेलं. मशेरीनंच गेलं, असं मी म्हणणार नाही. पण पुढची कित्येक वर्षं तिच्या खाण्यापिण्याची, चालण्याबसण्याची, ग्रहणात काय चिरलं याची झडती होत राहिली. तिच्या उशाशी बसून रोज बंडलभर बिड्या ओढणाऱ्या काकांना कुणी काहीच विचारलं नाही.