गोड खाण्याचें माप

मराठी भाषेनें 'गोड' या शब्दास फार वरचें स्थान दिलें आहे. आपण पाहुण्याचें तोंड गोड करतों, गोड बोलतों, शेवट गोड व्हावा अशी इच्छा करतों. विवाहाचा निश्चयही आपल्याकडे साखरपुड्यानेंच होतो. नाताळच्या करंज्या असोत, दिवाळीचे लाडू असोत, कीं ईदचा शीरखुर्मा असो, साखरेवांचून सण साजरा होत नाहीं. आणि तो तसा व्हावा असें आम्ही कधीं म्हणणारही नाहीं. प्रश्न सणाच्या दिवसाचा नाहींच. वर्षाचे जे बाकीचे साडेतीनशें दिवस, त्या दिवसांत नकळत पोटांत जाणाऱ्या साखरेविषयीं आम्हांस येथें कांहीं सांगावयाचें आहे. 'मी कोठें लठ्ठ आहें?' असें म्हणून निश्चिंत राहणाऱ्या सडपातळ विद्यार्थ्यांनीं तर हा लेख अवश्य शेवटपर्यंत वाचावा, अशी आमची विनंती आहे.

साखर ही मूळची आपल्याच देशाची. उंसाच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची विद्या प्राचीन भारतांत उदयास आली, आणि आपला 'शर्करा' हा शब्द इराण व अरबस्तान यांच्या वाटेनें युरोपांत जाऊन इंग्रजी भाषेंत 'शुगर' झाला. परंतु कित्येक शतकें ती तेथें दुर्मिळ वस्तु होती व औषधें विकणाऱ्यांच्या दुकानांत मिळे. पुढें मोठे मळे झाले, यंत्रें आलीं, आणि जी वस्तु राजांच्या ताटांत होती ती मजुराच्या चहांत आली. महाराष्ट्रांत १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथें विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्यामागून उंसानें अनेक गांवांत रस्ते, शाळा व दवाखाने आणले. ज्यांच्या घरची चूल उंसावर पेटते असे कित्येक विद्यार्थी हा लेख वाचतील. त्यांच्या वडिलांच्या कष्टांस उणेपणा आणण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. शेतांत काय पिकवावें हा एक प्रश्न, व पोटांत किती घालावें हा दुसरा.

साखर पोटांत गेल्यावर तिचें काय होतें तें आतां पाहूं. साखर म्हणजे ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करांची जोडी होय. लहान आंतड्यांत ही जोडी फुटते व दोन्ही शर्करा रक्तांत शिरतात. यावर कोणी म्हणेल कीं, भाकरीच्या पिठाचेंही अखेर ग्लुकोजच होतें, मग साखरेलाच दोष कां? प्रश्न रास्त आहे. भाकरींत पिष्टाबरोबर कोंडा, प्रथिनें, क्षार व जीवनसत्त्वें असतात. ती चावावी लागते, सावकाश पचते, आणि पोट भरल्याची जाणीव देते. साखरेंत साखरेवांचून दुसरें कांहींच नसतें. एक ग्रॅम साखर चार उष्मांक देते, आणि तेवढ्यानेंच तिचें दान संपतें. शिवाय तिचा अर्धा भाग जें फ्रुक्टोज, त्याचा मार्ग निराळा आहे. ग्लुकोज हें मेंदु, स्नायु इत्यादि सर्व अवयव वापरूं शकतात. फ्रुक्टोजचा भार मात्र, विशेषतः तें एकदम मोठ्या प्रमाणांत आलें असतां, यकृतावर पडतो. गरजेहून अधिक आलेल्या शर्करेचें यकृत चरबींत रूपांतर करतें. त्यांतील कांहीं चरबी रक्तांत जाते, व कांहीं यकृतांतच सांठते. दारूला कधीं स्पर्शही न केलेल्या माणसांच्या यकृतांत अशी चरबी आज डॉक्टरांस वारंवार आढळते.

चरबीनें भरलेलें यकृत इन्शुलिनचा हुकूम नीट मानीत नाहीं. इन्शुलिन हा स्वादुपिंडांत तयार होणारा रस होय. रक्तांतील ग्लुकोज पेशींत पोंचविणें हें त्याचें मुख्य काम. १९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बॅंटिंग व बेस्ट यांनीं तो वेगळा काढण्यांत यश मिळविलें, व हजारों रोग्यांचे प्राण वांचले. या रसाचा हुकूम चालेनासा झाला म्हणजे स्वादुपिंड तो अधिकाधिक तयार करूं लागतें. कांहीं वर्षें ही ओढाताण निभते. पुढें स्वादुपिंड थकतें. मग रक्तांतील साखर वाढत जाते, आणि डोळ्यांचे पडदे, मूत्रपिंडें, पायांचे मज्जातंतु व हृदयाच्या रक्तवाहिन्या यांस हळूहळू इजा करते. आपल्या प्राचीन वैद्यांनीं या रोगास 'मधुमेह' हें नांव दिलें तें लघवीच्या गोडीवरून, आणि बसून खाणाऱ्या स्थूल मनुष्यांशीं त्याचा असलेला संबंध त्यांच्याही ध्यानांत आला होता.

येथें एक खुलासा केला पाहिजे. मधुमेहाचा एक प्रकार बहुधा लहानपणींच जडतो. त्यांत शरीर इन्शुलिन तयार करणाऱ्या आपल्याच पेशींचा नाश करतें. हा प्रकार गोड खाल्ल्यानें होत नाहीं. वर्गांतील एखाद्या सोबत्यास त्यासाठीं रोज सुई टोंचून घ्यावी लागत असेल, तर 'फार चॉकलेटें खाल्लींस ना?' असें त्यास विचारणें हें अज्ञान तर खरेंच, पण निर्दयपणाही आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा दोषही एकट्या साखरेच्या माथीं मारतां येत नाहीं. आनुवंशिकता, तळलेले पदार्थ, अपुरी झोंप, आणि मैदानाकडे पाठ फिरवून पडद्यासमोर घालविलेली संध्याकाळ, या सर्वांचा त्यांत वांटा असतो. आम्ही साखरेची गोष्ट काढली ती अशासाठीं कीं, या सर्वांत ती कमी करणें सर्वांत सोपें आहे.

साखर कोणत्या रूपानें पोटांत जाते यासही फार महत्त्व आहे. २००० सालीं अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांतील संशोधकांनीं एक साधा पण बोधप्रद प्रयोग प्रसिद्ध केला. १५ माणसांस चार आठवडे रोज ४५० उष्मांकांच्या साखरेच्या मऊ गोळ्या खावयास दिल्या, आणि निराळे चार आठवडे तितक्याच उष्मांकांचें गोड पेय पाजलें. गोळ्यांच्या दिवसांत त्या माणसांनीं आपण होऊन जेवणांत तितकी घट केली. पेयाच्या दिवसांत मात्र जेवण कमी झालें नाहीं, आणि वजन वाढलें. चावून खाल्लेल्या साखरेचा हिशेब पोट ठेवतें, पण घटाघटा प्यालेल्या साखरेचा ठेवीत नाहीं, असा याचा अर्थ. संत्रें सोलून खावें, रस काढून पिऊं नये, असें जें सांगतात त्याचें एक कारण हेंच. एका पेल्यास तीन-चार संत्रीं लागतात. तितकीं एका बैठकीस सोलून खाणारा विरळा.

कोला जातीच्या पेयाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलींत सुमारें २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमचे साखर असते. चहाच्या कपांत कोणीं सहा चमचे घातले तर तो आपल्या घशाखालीं उतरणार नाहीं. पण थंडपणा, आंबटपणा व वायूचे बुडबुडे ही गोडी झांकून टाकतात. आतां वर्गांतल्याप्रमाणें गणित करूं. २५ ग्रॅमचे १०० उष्मांक. रोज एक बाटली, जेवणांत कांहीं कमी न करतां, तर वर्षाचे ३६,५०० उष्मांक. शरीरांतील एक किलो चरबींत सुमारें ७,७०० उष्मांक असतात. तेव्हां उत्तर येतें पावणेपांच किलोंच्या आसपास. कागदावरचें गणित शरीरांत तंतोतंत उतरत नाहीं हें खरें. वजन वाढूं लागलें कीं शरीराचा खर्चही वाढतो, व प्रत्यक्ष वाढ याहून कमी भरते. परंतु गाडी कोणत्या दिशेस चालली आहे हें समजण्यास एवढें पुरे.

आतां सडपातळ विद्यार्थ्यांकडे वळूं. पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे लंडनमधील स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट' या विलायती वैद्यक नियतकालिकांत आपलें दोघांचें छायाचित्र छापलें. दोघेही दिसण्यांत बारीक. उंचीच्या मानानें वजन किती हें दाखविणारा जो आंकडा डॉक्टर काढतात, तो दोघांचाही अगदीं सारखा, २२.३. परंतु अंगांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन यांची ९.१ टक्के निघाली, व याज्ञिक यांची २१.२ टक्के! एकच वजन, एकच बांधा, आणि चरबी दुपटीहून अधिक. ही गोष्ट एका गृहस्थापुरती नव्हती. याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ पासून पुणें जिल्ह्यांतील खेड्यांत गरोदर मातांचा व त्यांच्या बाळांचा अभ्यास चालविला. तेथें जन्मलेल्या बाळांचें वजन सरासरी २.७ किलो होतें, तर इंग्लंडांतील साउथहॅम्प्टन येथील बाळांचें ३.५ किलो. आपलीं बाळें स्नायूंनीं बरींच कमी भरलीं. चरबींत मात्र त्या मानानें कमी नव्हतीं. दिसावयास किडकिडीत पण आंतून मेदयुक्त, अशी ही आपल्याकडील देहाची ठेवण आहे. म्हणून वजनाच्या कांट्यावर विसंबून चालत नाहीं. हातपाय काडीसारखे आणि पोटाचा घेर मात्र वाढलेला, अशीं माणसें आपल्या घरींदारीं पुष्कळ दिसतात. त्यांस कोणी लठ्ठ म्हणत नाहीं, आणि मधुमेह त्यांनाच गांठतो. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेची जी मोठी पाहणी २०२३ सालीं प्रसिद्ध झाली, तिच्याप्रमाणें आपल्या देशांत १० कोटि १० लाख मधुमेही आहेत, व आणखी १३ कोटि ६० लाख त्या रोगाच्या उंबरठ्यावर आहेत.

कोणी शंका घेईल कीं, लहानपणीं खाल्लेल्या साखरेचा परिणाम म्हातारपणापर्यंत राहतो हें कशावरून? यास इतिहासानेंच एक उत्तर देऊन ठेविलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटनमध्यें साखर शिधापत्रिकेवर मिळूं लागली. युद्ध १९४५ सालीं संपलें, पण साखरेवरील नियंत्रण १९५३ च्या सप्टेंबरांत उठलें. आणि तें उठतांच तेथील माणशीं रोजची साखर सुमारें ४० ग्रॅमवरून जवळजवळ दुपटीवर गेली. म्हणजे असें झालें कीं, थोडक्या वर्षांच्या अंतरानें जन्मलेलीं, एकाच देशांतलीं मुलें, पण कांहींचें बाळपण अल्प साखरेंत गेलें व कांहींचें विपुल साखरेंत. हीं मुलें पन्नाशी ओलांडून गेल्यावर त्यांच्या प्रकृतीची तुलना करणारा अभ्यास २०२४ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत आला. मातेच्या उदरांत असल्यापासून पहिलीं दोन वर्षें पुरीं होईतों ज्यांस साखर बेतानें मिळाली, त्यांना दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा धोका सुमारें ३५ टक्क्यांनीं व उच्च रक्तदाबाचा सुमारें २० टक्क्यांनीं कमी आढळला. आणि ज्यांना मधुमेह झाला त्यांनाही तो सरासरीनें चार वर्षें उशिरां झाला. या आंकड्यांचें मोल असें कीं, त्या बाळांनीं किंवा त्यांच्या आयांनीं साखर कमी खाण्याचें व्रत घेतलें नव्हतें. सरकारी शिध्यानें तें घडविलें. आमच्या ज्या विद्यार्थिनींस घरीं लहान भावंडें सांभाळावीं लागतात त्यांना आम्ही मुद्दाम सांगतों कीं, बाळाच्या दुधांत साखर घालूं नका, आणि रडें थांबविण्यासाठीं त्याच्या हातीं बिस्किट देऊं नका. साखर न घातलेलें दूध बाळास बेचव लागत नाहीं. तें आपणांस बेचव लागतें.

दांतांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. तोंडांतील सूक्ष्म जंतु साखरेपासून आम्ल तयार करतात व तें दांतांचें कवच झिजवितें; त्यांतही साखर किती खाल्ली यापेक्षां कितीदां खाल्ली यानें अधिक हानि होते. गुळाविषयीं मात्र गैरसमज फार. गूळ नैसर्गिक म्हणून तो हवा तितका खावा असें पुष्कळांस वाटतें. गुळांत क्षारांचा थोडा अंश राहतो खरा, पण त्याचा बहुतेक भाग साखरच. यकृताला त्याचा तपकिरी रंग दिसत नाहीं. मधाचेंही तेंच.

मग माप कोणतें धरावें? जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें कीं, वरून घातलेली साखर, तसेंच मध व फळांचे रस यांतील साखर, मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आंत असावी, आणि पांच टक्क्यांच्या आंत आणली तर अधिक हितकर. अख्खें फळ व दूध यांतील साखर यांत धरीत नाहींत. २,००० उष्मांकांच्या आहारास पांच टक्के म्हणजे २५ ग्रॅम, अर्थात् सहा चमचे. दोन चमच्यांचा चहा दिवसांतून तीनदां घेणाऱ्याचें माप चहांतच संपलें. चहांतील साखर दर पंधरवड्यास अर्धा चमचा कमी केली तर जिभेस फारसें जाणवत नाहीं, आणि दोन-तीन महिन्यांनीं पूर्वीचाच चहा पाकासारखा लागूं लागतो. पाकिटबंद वस्तूंवर साखरेचें प्रमाण छापणें आतां कायद्यानें आवश्यक आहे. अक्षरें बारीक असतात, पण तरुण डोळ्यांस तीं वाचतां येतात. तो आंकडा बहुधा १०० ग्रॅम किंवा १०० मिलिलिटर यांस असतो, सबंध पाकिटास नव्हे. तेव्हां त्यास पाकिटाच्या मापानें गुणून चारनें भागावें, म्हणजे चमचे निघतात. १०० मिलिलिटरांत ११ ग्रॅम असें लिहिलें असेल व बाटली ६०० मिलिलिटरची असेल, तर ६६ ग्रॅम. चारनें भागतां साडेसोळा चमचे. मधल्या सुटींत दुकानासमोर उभें राहून हें गणित तोंडींही करतां येतें.