पायांतील बळ ओसरते तेव्हा

मुठा नदीवरचे खडकवासला धरण एकोणिसाव्या शतकापासून पुणे शहराला पाणी पुरवीत आले आहे. पाण्याच्या अभ्यासासाठी देशभर नावाजलेले केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रही याच गावात आहे. अशा गावाचे आणि त्याच्या खालच्या अंगाला सिंहगड रस्त्यालगत वाढलेल्या नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, धायरी या वस्त्यांचे नाव २०२५ च्या जानेवारीत एका अपरिचित आजाराशी जोडले गेले, आणि संशयाचे बोट गेले ते पाण्याकडेच. आधी जुलाब, उलट्या, पोटात मुरडा. मग दहा-पंधरा दिवसांनी पायांना मुंग्या. त्यानंतर काही दिवसांतच जिना चढवेना, खुर्चीतून उठवेना. वृत्तपत्रांनी या आजाराला ‘गुलियन बॅरे सिंड्रोम’ म्हटले, लोकांच्या तोंडी ‘जीबीएस’ हेच नाव बसले. काही आठवड्यांत पुणे व परिसरातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली आणि काहींना प्राण गमवावे लागले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासलेल्या शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू, तर काहींत नोरोव्हायरस सापडला.

साथ ओसरली, बातम्याही ओसरल्या. आजार मात्र कायमचा येथे आहे, कारण तो साथीविनाही होतो. जगभरात दरवर्षी लाख लोकांमागे साधारण एक-दोघांना तो गाठतो, आणि वय वाढते तसे हे प्रमाणही वाढते. म्हणून वाचकहो, विशेषतः घरात सत्तरीपुढचे माणूस असलेल्या वाचकहो, हा विषय खडकवासल्याच्या निमित्ताने आपणही समजून घ्यावा अशी विनंती आहे.

१९१६ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या दुखण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. हातपाय लुळे पडत चाललेल्या त्या सैनिकांच्या गुडघ्यावर हातोडीने टकटक केली, तरी पाय उडत नव्हता. पुढे नावात दोघेच राहिले, स्ट्रोल मागे पडले. आज आपल्याला त्याचे कारणही बरेचसे उमगले आहे. आपल्या मज्जातंतूंवर, विजेच्या तारेवर असावे तसे, मायलिन नावाचे वेष्टन असते. जंतूशी लढण्यासाठी शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे कधी कधी या वेष्टनालाच, किंवा आतल्या तंतूलाही, शत्रू समजून बसतात. कॅम्पायलोबॅक्टरच्या बाहेरील कवचातले काही घटक आपल्या मज्जातंतूंतील घटकांसारखेच दिसतात, त्यातून ही गल्लत होते. पोट बरे झालेले असते, जंतू निघून गेलेला असतो, आणि नुकसान तेव्हा सुरू होते. जुलाब थांबले म्हणून सुटकेचा श्वास टाकलेल्या घराला पायांच्या मुंग्यांचा जुलाबाशी संबंध लागत नाही तो यामुळेच.

घाबरून जाण्याचे कारण नाही. या जिवाणूची बाधा झालेल्यांपैकी साधारण हजारात एकाला हा आजार होतो. बाकीचे चार दिवस मऊ भात खाऊन हिंडूफिरू लागतात. तसेच, जीबीएस एकापासून दुसऱ्याला होत नाही. रुग्णाच्या घरी जाणे टाळणाऱ्या शेजाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे.

‘वय झाले’ हे निदान नव्हे

ज्येष्ठांच्या बाबतीत या आजाराचा घात होतो तो एका वाक्याने: ‘आता वय झालं, पाय दुखायचेच.’ मुंग्या आल्या की मधुमेह, मणक्याची झीज किंवा ब जीवनसत्त्वाची कमतरता ही कारणे घरातले सगळे तोंडपाठ म्हणून दाखवतात. बहुतेक वेळा ती खरीही असतात. फरक आहे तो वेगाचा. मधुमेहाने मज्जातंतू बिघडतात तेव्हा मुंग्या महिनोन् महिने, वर्षानुवर्षे हळूहळू वाढतात. जीबीएसमध्ये सोमवारी बोटांना मुंग्या असतील, तर गुरुवारी पायरी चढताना कठड्याचा आधार लागतो आणि शनिवारी शौचकूपावरून उठता येत नाही. अर्धांगवायूत सहसा एकच बाजू, तीही क्षणात जाते. येथे बळ दोन्ही पायांतून जाते, पायांकडून वर कमरेकडे, हातांकडे सरकते. अनेकांना कंबर आणि मांड्या इतक्या दुखतात की दुखणे मणक्याचेच वाटते आणि शेक-मालिशीत मोलाचे दिवस जातात. काहींचा चेहरा दोन्ही बाजूंनी ओघळतो, पाणी पिताना ठसका लागतो, आवाज बारीक होतो.

तेव्हा घरातील वृद्धाला जुलाब, ताप किंवा छातीचा संसर्ग झाला की त्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा आणि पुढचे सहा आठवडे रोज एक साधी गोष्ट पाहा: हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठता येते का? काल येत होते आणि आज येत नसेल, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. जे आधीपासूनच आधाराने उठतात, त्यांच्या बाबतीत कालच्यापेक्षा आज किती जास्त आधार लागला, हे पाहायचे. याचे उत्तर मुलाने फोनवर विचारून मिळत नाही. सोबत राहणारी व्यक्ती, बहुधा पत्नी, सून किंवा घरी येणाऱ्या मदतनीस ताई, हीच खरी साक्षीदार असते. तिचे ऐकावे.

कुठे न्यावे, आणि केव्हा

अशा वेळी आपली सवय कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जाऊन एक सलाईन लावून घेण्याची. जीबीएसच्या संशयात सलाईनने काही साधत नाही, वेळ तेवढा जातो. हा आजार दोन ते चार आठवडे वाढत राहू शकतो आणि साधारण चौघांतील एकाच्या श्वासाचे स्नायू इतके दुबळे होतात की व्हेंटिलेटर लावावा लागतो. म्हणून रुग्णालय निवडताना तीनच प्रश्न विचारा: मेंदू व मज्जातंतूंचे तज्ज्ञ उपलब्ध आहेत का, अतिदक्षता विभाग आहे का, आणि व्हेंटिलेटर आज रिकामा आहे का. खोली वातानुकूलित आहे की नाही, हा प्रश्न मागाहून.

खडकवासला, डोणजे, किरकटवाडीच्या रहिवाशांना आणखी एक हिशेब करावा लागतो. शहराकडे उतरणारा मुख्य रस्ता एकच, आणि रविवारी धरणावर व सिंहगडावर आलेल्या पर्यटकांच्या गाड्यांनी तो तुंबलेला. श्वास लागेपर्यंत थांबलेल्या रुग्णाला त्या गर्दीतून नेण्यापेक्षा, पाय दुबळे झाले त्याच दिवशी, बसता-बोलता येत असताना, नेलेले बरे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत मिळते. वाटेत एका श्वासात न थांबता आकडे मोजायला सांगा. विसाच्या आत अडखळले तर रुग्णालयात पोहोचताच हे आधी सांगा. विसाच्या पुढे गेले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका.

तेथे मज्जातंतूंची विद्युत तपासणी होईल, पाठीतून थोडे पाणी काढून त्यातील प्रथिने पाहिली जातील. पाठीतून पाणी काढणे म्हटले की घरचे दचकतात. अनुभवी हातांत ही तपासणी सुरक्षित असते. रुग्ण रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर ते मात्र आधी सांगावे. पहिल्या आठवड्यात दोन्ही तपासण्या निर्दोष येऊ शकतात. अहवाल चांगला आला म्हणून घरी चला, असा आग्रह धरू नका. अनुभवी डॉक्टर लक्षणांवरूनच उपचार सुरू करतात.

उपचार दोन आहेत आणि दोन्ही सारखेच गुणकारी आहेत. पहिला, इम्युनोग्लोब्युलिन. निरोगी दात्यांच्या रक्तातून मिळवलेली ही प्रतिपिंडे शिरेतून पाच दिवस देतात. मात्रा वजनावर ठरते: किलोमागे एकूण दोन ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या चोवीस कुप्या. एकेका कुपीची किंमत हजारांत असते, तेव्हा एकूण बिल कुठे जाते याचा अंदाज आपण बांधू शकता. दुसरा उपचार प्लाझ्मा बदलण्याचा. यंत्राद्वारे रक्तातला द्रव भाग काढून त्यासोबत घातक प्रतिपिंडेही काढली जातात. त्याची चार-पाच सत्रे दिवसाआड होतात आणि खर्च बऱ्याच ठिकाणी कमी येतो. महाग तेच चांगले, ही समजूत येथे लागू पडत नाही.

वृद्ध रुग्णाच्या बाबतीत निवड त्याच्या इतर आजारांवरून करावी लागते. मूत्रपिंड कमकुवत असेल, पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, तर इम्युनोग्लोब्युलिन जपून द्यावे लागते. रक्तदाब फार खालीवर होत असेल, हृदय दुबळे असेल, तर प्लाझ्मा बदल अवघड जातो. म्हणून औषधांची पूर्ण यादी आणि जुने अहवाल एका पिशवीत घालून सोबत न्या. इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत आणि प्लाझ्मा बदल पहिल्या चार आठवड्यांत, जितका लवकर तितका चांगला. एक झाल्यावर लगेच दुसरा जोडून केल्याने अधिक लाभ होत नाही, असे अभ्यासांतून दिसले आहे. ‘सर्व उपाय करून टाका’ असे हात जोडून म्हणणारे नातेवाईक प्रेमापोटीच म्हणतात, पण त्यातून वाढतो तो खर्च. स्टिरॉइडची इंजेक्शने या आजारात उपयोगी ठरलेली नाहीत, हेही लक्षात असू द्या.

पैशांचे बोलायलाच हवे. साथीच्या काळात पुणे महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात मोफत उपचारांची घोषणा झाली होती. साथ नसतानाही मार्ग आहेत. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. त्याचे कार्ड आजच, घरात कोणी आजारी नसताना, काढून ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे होते. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखाव्या लागतात. हे मागणे म्हणजे भीक नव्हे.

काचेपलीकडचे दिवस

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे शरीर हलत नसले तरी मन बहुधा जागे असते. सारे ऐकू येते, बोलता मात्र येत नाही. त्याच्या खाटेशी उभे राहून बिलाची चर्चा करू नका. एकदा डोळे मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही, अशी खूण ठरवा. आज वार कोणता, बाहेर ऊन आहे की पाऊस, नातवाचा पेपर कसा गेला, हे सांगत राहा. कूस बदलली जाते का, टाचा आणि माकडहाड लाल झाले आहेत का, पायांत गुठळी होऊ नये म्हणून काय चालले आहे, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. गिळणे तपासले जाईपर्यंत चमचाभर पाणीही तोंडात घालू नये. तीर्थसुद्धा ओठांना लावण्यापुरतेच असावे.

सुधारणा उलट्या वाटेने, वरून खाली, सावकाश येते. सहा महिन्यांनी दहांपैकी सुमारे आठ जण आधाराविना चालू लागतात. वयस्करांना वेळ अधिक लागतो आणि काहींना काठी, वॉकर किंवा पायांतला बधिरपणा कायमचा राहतो. घरी आल्यावर फिजिओथेरपी रोज हवी, पण थोडी थोडी. दमवून टाकणारा व्यायाम दुबळ्या स्नायूंना मानवत नाही. दिसायला बरे झालेल्या माणसाला दुपारी अचानक गळून गेल्यासारखे होते. तो आळस नसतो. शौचालयात धरायला दांडा बसवा, पायपुसणी उचलून ठेवा, खुर्चीची उंची वाढवा.

पाण्याबद्दल थोडक्यात. धरणालगतची गावे २०२१ साली महापालिकेत आली, पण नळाला येणारे पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून आलेले आहे की केवळ विहिरीत क्लोरीन मिसळलेले, हे रहिवाशांनी विचारून घ्यावे. साथीत खासगी आरओ केंद्रांचे आणि टँकरचे नमुनेही दूषित निघाले होते, तेव्हा वीस लिटरचा निळा जार म्हणजे शुद्धतेची खात्री नव्हे. पाणी खळखळून एक मिनिट उकळावे, एवढा उपाय पुरतो. इमारतीची टाकी धुतल्याची तारीख सोसायटीच्या फलकावर लावून घ्यावी. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नये, त्याचे शिंतोडे ओट्यावर उडतात. तिची सुरी आणि पाट कोशिंबिरीच्या भाज्यांना लावू नये. नीट शिजवलेली कोंबडी खायला हरकत नाही. दूध मात्र उकळलेलेच घ्यावे.

बरे झालेले पुष्कळ जण विचारतात, हा आजार पुन्हा होतो का? क्वचित होतो, शंभरात दोन ते पाच जणांना. फ्लूची किंवा न्यूमोनियाची लस बहुतेकांना घेता येते. मात्र एखादी लस घेतल्यानंतर सहा आठवड्यांच्या आत जीबीएस झाला असेल, तर तीच लस पुन्हा घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. रुग्णालयातून मिळालेला घरी सोडतानाचा सारांश जपून ठेवा. पुढे गुडघ्याची किंवा हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली, तर तो भूलतज्ज्ञांना आवर्जून दाखवा. भूल देताना वापरले जाणारे एक स्नायू शिथिल करणारे औषध अशा रुग्णांत रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर नेऊ शकते. भूलतज्ज्ञांकडे त्याला पर्याय असतात, त्यांना आधी कळले पाहिजे इतकेच.