कंगवा निसटला, गणित सापडले!



केस कापायला गेलात की दुकानदार मामा खुर्चीवर फळी टाकून तुम्हांला बसवतात, गळ्याभोवती कापड बांधतात आणि विचारतात, "काय रे, किती नंबर लावू?" तुम्ही तोंड उघडायच्या आत बाबाच सांगून टाकतात, "तीन लावा. नाहीतर असं करा, उन्हाळा आहे, दोनच लावा!"

हा 'नंबर' म्हणजे नेमकं काय, याचा कधी विचार केलाय? मी रोज मुलांना गणित शिकवतो, पण खरं सांगतो, मीही केला नव्हता. एका मुलाच्या डोक्याने तो मला करायला लावला.

मी राहतो जुन्नरला आणि माझी शाळा आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढे डिंभे धरणाच्या बाजूला आहे. वाडीत केस कापायचं दुकान नाही. दुकान गाठायचं म्हणजे जीपचं भाडं गेलं आणि वडिलांचा दिवसाचा रोजही बुडाला. म्हणून चौथीतल्या एका मुलाच्या वडिलांनी मंचरहून केस कापायचं मशीन आणलं. सोबत प्लॅस्टिकचे चार कंगवे होते. रविवारी अंगणात कटिंग सुरू झालं. तीन नंबरचा कंगवा नीट बसला नव्हता. तो मध्येच निसटून पडला आणि मशीन तसंच फिरलं. कानाच्या वरून थेट मागेपर्यंत पांढरा पट्टा!

सोमवारी वर्गात एकच हशा. कोणीतरी ओरडलं, "याच्या डोक्यावर पुणे-नाशिक हायवे झालाय!" झालं. दिवसभर सगळे त्याला 'हायवे' म्हणू लागले. मंगळवारी तो आला नाही. बुधवारीही नाही. पावसापाण्यातही शाळा न बुडवणारा मुलगा तो!

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो आतून बाहेर येईना. वडील मान खाली घालून म्हणाले, "गुरुजी, चूक माझी झाली आणि शिक्षा पोराला."

मग मी त्यांना माझीच गोष्ट सांगितली. २०२० साली करोनामुळे मार्चअखेरीस टाळेबंदी लागली. महाराष्ट्रातली सलून उघडली ती थेट २८ जूनला. तोवर माझ्या मुलाचे केस डोळ्यांवर आले होते. मीही मशीन आणलं, कंगवा अर्धवट बसवला आणि अगदी असाच पट्टा पाडला! माझा मुलगा आठ दिवस माझ्याशी बोलला नव्हता. हे ऐकून दाराआडून खुदकन हसण्याचा आवाज आला. "उद्या शाळेत ये," मी म्हटलं. "आपण तुझ्या डोक्याचं गणित सोडवू."

नंबर म्हणजे काय?

मशीनच्या तोंडाशी दातेरी पाती असतात, एकावर एक ठेवलेली दोन. खालचं पातं स्थिर असतं आणि वरचं डावी-उजवीकडे सरकतं. दात्यांच्या फटीत केस शिरला की तो कापला जातो. म्हणजे अनेक छोट्या कात्र्या एका ओळीत लावल्या आहेत असं समजा. पूर्वी हे पातं हाताने दांडी दाबून हलवावं लागे. तुमच्या आजोबांना विचारा, त्या हातमशीनने केस कसे ओढले जायचे ते! अमेरिकेतल्या स्टर्लिंग गावच्या लिओ वाल यांनी १९१९ मध्ये विजेच्या मशीनच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे हाताचे कष्ट कमी झाले.

नुसतं मशीन डोक्यावरून फिरवलं तर साधारण १ मिलिमीटर केस उरतात. जास्त ठेवायचे असतील तर मशीन कातडीपासून थोडं वर धरायला हवं. पण हात सगळीकडे सारखाच वर कसा राहणार? इथे कंगवा कामाला येतो. बाजरी कापताना विळा जमिनीपासून जितका वर, तितकं धसकट उरतं, हो ना? कंगवाही तेच करतो. तो पात्याला कातडीपासून ठरलेल्या उंचीवर धरून ठेवतो.

आता नंबराची गंमत. ही मशीन आधी इंच वापरणाऱ्या देशात झाली. इंचाचे आठ भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक नंबर! १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. म्हणून १ नंबर साधारण ३ मिलिमीटर, २ नंबर ६, ३ नंबर साडेनऊ ते १० आणि ४ नंबर १३ मिलिमीटर. मग ८ नंबर किती? बरोबर, पूर्ण एक इंच! मात्र काही मशीनच्या कंगव्यांवर सरळ मिलिमीटरच छापलेले असतात. तेव्हा आकडा वाचून मगच कंगवा लावायचा, बरं का!

फळ्यावरचे गणित

गुरुवारी तो टोपी घालून आला. मी वर्गाला विचारलं, "पट्ट्यातले केस १ मिलिमीटर आहेत, बाकीचे १०. नुसती वाट पाहिली तर डोकं कधी सारखं होईल?"

"केस वाढले की!" सगळे ओरडले.

तेवढ्यात टोपीखालून आवाज आला, "नाही गुरुजी. बाकीचेही वाढणार ना! फरक नऊचा नऊच राहील."

शाबास! वर्गात शांतता पसरली. मग उपाय काय? केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दिवसाला जवळजवळ ०.३५ मिलिमीटर. चौदा दिवसांत किती?

०.३५ × १४ = ४.९

आधीचा १ मिळवला की ५.९, म्हणजे जवळपास ६ मिलिमीटर. आणि ६ मिलिमीटर म्हणजे किती नंबर? दोन! म्हणजे दोन आठवड्यांनी सगळ्या डोक्यावर दोन नंबर फिरवला की हायवे गायब!

गणित फळ्यावर कोणी मांडलं? त्यानेच. मांडता मांडता टोपी डोळ्यांवर येऊ लागली, तशी त्याने ती काढून खिडकीत ठेवली. कोणी हसलं नाही. 'हायवे' हे नाव ठेवणारा मुलगा तर त्याच्याकडून ते गणित वहीत उतरवून घेत होता. चौदा दिवसांनी वडिलांनी कंगवा दोनदा तपासून दोन नंबर फिरवला. पट्टा शोधूनही सापडेना.

घरी मशीन असेल तर

मुलांनो, हे काम मोठ्यांचं. पण तुम्ही लक्ष ठेवा. मशीन बंद असतानाच कंगवा बसवायचा. 'टक्' असा आवाज आला पाहिजे, मग बोटाने ओढून पाहायचा. सुरुवात मोठ्या नंबराने करायची. राहिलेले केस पुन्हा कापता येतात, गेलेले चिकटवता येत नाहीत! भोवऱ्यापाशी केस चारी बाजूंना वळलेले असतात, तिथे सावकाश.

काम झालं की कंगवा काढून साबणाच्या पाण्याने धुवायचा आणि वाळवायचा. पात्यातले केस ब्रशने झाडून तेलाचा थेंब सोडायचा. विजेचं मशीन पाण्यात घालायचं नाही. एकाच्या डोक्यातला नायटा किंवा उवा न धुतलेल्या कंगव्यातून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. म्हणून दुकानातही "मामा, कंगवा धुतलाय ना?" असं विचारायला लाजू नका. मात्र नम्रपणे हं!

हो, नम्रपणे. घरी दोन पट्टे पडल्यावर मला कळलं की मामांच्या हातात किती कसब असतं. आपल्या शिवनेरीवर जन्मलेल्या शिवरायांसाठी १६६० मध्ये पन्हाळ्याहून पालखीत बसून मृत्यूला सामोरा गेलेला शिवा काशीद नाभिकच होता. कोणतंच काम हलकं नसतं.

आता तुमच्यासाठी एक गणित. एका मुलाच्या पट्ट्यात ३ मिलिमीटर केस आहेत आणि बाकी डोक्यावर १३. त्याला सगळीकडे ३ नंबर लावायचा आहे. तर किती दिवस थांबावं लागेल? वहीत करून पाहा.

आणि वर्गात कुणाच्या डोक्यावर असा हायवे दिसलाच, तर हसण्याऐवजी त्याला एवढंच विचारा, "काय रे, नंबर निसटला का? चल, किती दिवस लागतील ते काढू!"