चारकोपचे भूखंड आणि दस्तातल्या चतुःसीमा

1985 साली जागतिक बँकेच्या कर्जातून मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला आणि म्हाडाने चारकोपमध्ये आखलेले भूखंड वाटले. रस्ता, पाणी, गटार म्हाडाचं. भिंती ज्याच्या त्याने उभ्या करायच्या. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाच्या वाट्याला 25 किंवा 40 चौरस मीटर. मधल्या चौकाभोवती साधारण 35 घरं, त्यांची एक सहकारी संस्था. गरिबाला हक्काची जागा देणारी इतकी सरळ योजना मुंबईत फार थोडी झाली.

एवढ्याशा जागेत वर्णनाची चूक महाग पडते. 5 मीटर लांबीची भिंत दीड फूट आत आली, तर 25 चौरस मीटरमधले सव्वादोन गेले. पुढे घरं विकली गेली, वर मजले चढले, पण नव्या दस्तात उतरलं ते टपालाच्या पत्त्यापुरतंच: प्लॉट नंबर, सेक्टर, संस्थेचं नाव. मौजे, नगर भूमापन क्रमांक राहून गेले. चतुःसीमेत ‘पूर्वेस इतरांची मिळकत’ लिहिलं, की ती पूर्व कुणाचीही होऊ शकते. काही व्यवहार तर नुसत्या मुखत्यारपत्रावर झाले. त्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं.

कायदा याबाबत जुना आणि शहाणा आहे. 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 21 सांगतं, की मिळकत ओळखता येईल एवढं वर्णन दस्तात हवंच. शहरातलं घर कोणत्या रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे, तेही लिहायचं. बिहारमधल्या एका खटल्यात लिलावाच्या दाखल्यावर 1060 ऐवजी 160 असा प्लॉट क्रमांक पडला होता. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जमीन तरीही खरेदीदाराचीच मानली, कारण सीमा बरोबर लिहिलेल्या होत्या. आकड्याची चूक चतुःसीमेने सावरली.

आता चारकोपमध्ये पुनर्विकासाची बोलणी होतात, तेव्हा प्रत्येक सभासदाचं क्षेत्र कागदावरूनच मोजलं जातं. म्हणून घर घेणाऱ्यांना विनंती: टोकन देण्याआधी म्हाडाचं वाटपपत्र, मालमत्ता पत्रक आणि आधीच्या दस्ताची सूची दोन एकमेकांशी ताडून पाहा. शेजाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा प्लॉट नंबर लिहून घ्या, टेप लावून जागा मोजा आणि मापांसह नकाशा दस्ताला जोडायचा आग्रह धरा.